मुक्काम पोस्ट ई ड्राइव्ह

सामान हलवण्याच्या बाबतीत बदलापूरच्या हेंद्रेपाड्यातल्या माणसाला कोणी शहाणपण शिकवू नये. आमच्या बिल्डिंगीत परळहून उठून आलेले आहेत, डोंबिवलीचं भाडं परवडेना म्हणून आलेले आहेत, आणि इथे आल्यावर राहिलेला सराव उल्हास नदीने करून घेतला आहे. २६ जुलै २००५ झाला. मग २०१९ चा जुलै झाला. महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर-वांगणीच्या मध्ये पाण्यात अडकली आणि हजारावर प्रवाशांना बोटींनी बाहेर काढावं लागलं. टीव्हीवर गाडी दिसली. बदलापूर पश्चिमेत त्या दिवशी कोणाचा फ्रिज कुठे होता हे कोणी विचारलं नाही. तेव्हापासून पावसाळा तोंडावर आला की माझ्यासारखा तळमजल्यावरचा माणूस गाद्या माळ्यावर टाकतो, कागदपत्रांची पिशवी कपाटाच्या वरच्या खणात कोंबतो आणि कॉम्प्युटरचा सीपीयू लोखंडी स्टुलावर चढवतो. स्टुलाखाली दोन-दोन विटा. स्टूल डुगडुगतं म्हणून एका विटेखाली जुन्या लग्नपत्रिकेची घडी.

एवढा अनुभव गाठीशी असताना एक गेम डी ड्राइव्हवरून ई ड्राइव्हवर न्यायला कोणाला विचारायचं काय?

गेमचं नाव स्कायरिम. ११ नोव्हेंबर २०११ ला आला. बर्फाळ मुलूख, ड्रॅगन, आणि ड्रॅगनला नमवणारे आपण. बेथेस्डा कंपनीने २०१६ मध्ये त्याची स्पेशल एडिशन काढली, ती माझ्या भाच्याने मला घालून दिली. कारण त्याआधी मी जेवणानंतर मोबाइलवर राजकारणाचे व्हिडिओ बघून घरच्यांशी वाद घालायचो. आता घरात शांतता आहे. बायको शेजारणीला सांगते, "यांचं काही नाही हो, हात धुतले की ड्रॅगन मारायला बसतात."

इतका जुना गेम लोक अजून खेळतात तो मॉडमुळे. मॉड म्हणजे कंपनीने जे केलं नाही ते हौशी माणसांनी करून दिलेलं, बहुतेक वेळा फुकट. कोणी झाडं दाट करतो, कोणी चेहरे सुधारतो, कोणी घोड्याला अक्कल देतो. २०१३ मध्ये एका पठ्ठ्याने ड्रॅगनच्या जागी थॉमस द टँक इंजिन उडवणारा मॉड काढला. लहान मुलांच्या कार्यक्रमातलं ते निळं हसरं इंजिन शिट्टी मारत आभाळातून येतं आणि तोंडातून आग ओकतं. मी तो मिळाल्या मिळाल्या बसवला. उमेदीची वर्षं कर्जत लोकलच्या दारात एका पायावर काढलेल्या माणसाला समोरून येणाऱ्या इंजिनावर तलवार चालवायला मिळणं, हे सुख ठाण्याच्या अलीकडच्यांना समजायचं नाही.

तर डी ड्राइव्ह भरला. विंडोज ज्या लाल रंगात ते दाखवतं तो रंग बघून मी स्टेशनाजवळच्या दुकानातून एक एसएसडी आणली, स्क्रू पिळून बसवली, आणि ती 'ई' नावाने दिसल्यावर स्वतःवरच खूश झालो. भाच्याला फोन करावा असं बायको म्हणाली. मी म्हटलं, "कट-पेस्ट आहे गं. त्यात काय विचारायचं?"

मूळ गेमला बारा जीबी जागा लागते. माझा फोल्डर मॉड धरून नव्वदीच्या पुढे गेला होता. तो मी डीवरून उचलला आणि ईवर पेस्ट केला. हिरवी पट्टी सरकू लागली. पट्टी अर्ध्यावर असताना लाइट गेली. पावसाळ्यात आमच्याकडे लाइट जाणं ही बातमी नसते. इन्व्हर्टरवर पंखा, दोन ट्यूब आणि वायफाय आहे, कारण जोडणी करताना वायरमनने विचारलं होतं, "कॉम्प्युटर धरायचा का?" आणि मी म्हटलं होतं, "त्याची काय घाई?"

लाइट आल्यावर अर्धा गेम इकडे होता, अर्धा तिकडे. मी परत कट-पेस्ट मारलं. आता विंडोज प्रश्न विचारू लागलं: या नावाची फाइल तिथे आधीच आहे, बदलू की सोडून देऊ? आहे म्हणजे पोचली, असा विचार करून मी 'सगळ्यांसाठी सोडून दे' दाबलं. त्यातली एखादी अर्धवट लिहिली जात असताना लाइट गेली असेल, हा विचार मला शिवला नाही. मागे राहिलेलं मी उष्टं-खरकटं समजून उडवलं.

आणि तरीही डी ड्राइव्ह रिकामा होईना. नव्वद जीबी उचलून दुसरीकडे नेले, तिकडची जागा तेवढी भरली, पण इकडे मोकळी झाली जेमतेम बारा-तेरा जीबी. मी शोधाशोध केली, तर डीवरच व्हॉर्टेक्सचा एक फोल्डर सापडला. व्हॉर्टेक्स म्हणजे मॉड सांभाळणारा प्रोग्रॅम. त्या फोल्डरमध्ये तेच घोडे, तीच झाडं, तोच थॉमस, सगळं दुसऱ्यांदा. सगळं डबल! भाच्याने एवढी जागा उगाच अडवून ठेवली होती म्हणायची. मी शिफ्ट-डिलीट केलं. शिफ्टसकट, कारण रिसायकल बिनमध्ये ठेवायला जागा कुठे होती? डीचा लाल रंग जाऊन निळा झाला. मी बायकोला बोलावून दाखवला. "छान," ती म्हणाली, "आता गेम सुरू करून दाखवा."

इथे थोडं तांत्रिक सांगावं लागेल. व्हॉर्टेक्स मॉडच्या फायली गेमच्या फोल्डरमध्ये खरं तर नेतच नाही. तो त्या आपल्याजवळच ठेवतो आणि गेमच्या फोल्डरमध्ये त्यांचं दुसरं नाव नोंदवतो. याला हार्ड लिंक म्हणतात. फाइल एकच, नावं दोन. विंडोजचा एक्सप्लोरर दोन्हीकडे आकार दाखवतो, म्हणून माल दुप्पट भासतो. डिस्कवर तो एकदाच असतो. एक नाव खोडलं तर जागा सुटत नाही, कारण दुसरं शाबूत असतं. दोन्ही खोडली की मगच माल जातो. आणि ही दोन नावांची सोय एकाच ड्राइव्हच्या हद्दीत चालते. आमचं रेशनकार्ड कित्येक वर्षं परळच्या पत्त्यावर होतं आणि आम्ही राहायला हेंद्रेपाड्यात. परळचा दुकानदार आम्हाला ओळखायचा, इथल्या दुकानदाराच्या लेखी आम्ही जन्मालाच आलो नव्हतो. तसंच हे. डी सोडून ईमध्ये गेलं की व्हॉर्टेक्सकडे तुमचं नाव नाही. त्याचा फोल्डर आणि गेम एकाच ड्राइव्हवर असावे लागतात, नाहीतर तो मॉड लावायला नकार देतो. ही माहिती मला फोनवर मिळाली, पण ती नंतर. त्याआधी बऱ्याच गोष्टी घडायच्या होत्या.

स्टीममध्ये, म्हणजे ज्या प्रोग्रॅममधून गेम घ्यायचा, उतरवायचा आणि सुरू करायचा त्यात गेलो, तर 'खेळा'च्या जागी 'इन्स्टॉल करा' आलं होतं. गेम हलवायची सोय स्टीममध्येच आहे: गेमच्या प्रॉपर्टीजमध्ये जायचं, इन्स्टॉल केलेल्या फायलींचं पान उघडायचं, फोल्डर हलवा म्हणायचं. हाताने हलवला तरी स्टीमच्या लायब्ररीत नेमक्या जागी ठेवला असता तर त्याने असलेल्या फायली ओळखल्या असत्या. मी तो 'ई'मध्ये 'माझे गेम' नावाचा फोल्डर करून त्यात ठेवला होता. स्टीमने नव्याने बारा जीबी उतरवायला घेतले. रात्री झोपताना सुरू केले, सकाळी उठून पट्टी बघूनच दात घासले.

नवा गेम आला तो नव्या आवृत्तीचा. जुना माझा १.५.९७ होता. २०२१ च्या नोव्हेंबरात ॲनिव्हर्सरी एडिशनबरोबर १.६ चं पर्व सुरू झालं, आणि स्क्रिप्ट एक्स्टेंडर नावाची जी चीज असल्याशिवाय निम्मे मॉड श्वास घेत नाहीत, ती गेमच्या नेमक्या आवृत्तीशीच जुळावी लागते. भाच्याने मुद्दाम जुनी आवृत्ती राखली होती. मी जुना एक्स्टेंडर नव्या गेमवर ठेवला. एक चौकट आली, आवृत्ती चुकीची म्हणाली आणि मिटली. मी नवा एक्स्टेंडर उतरवला. आता त्याच्यावर चालणाऱ्या जुन्या डीएलएल फायली अडल्या. त्या बंद केल्या. ई ड्राइव्हवरचा जुना डेटा फोल्डर नव्यावर ओतला. सेव्ह उघडताना गेमने बजावलं की यात वापरलेलं काही सामान आता हजर नाही, पुढे जायचं का? मी हो म्हटलं. घरात पाणी शिरताना बघितलेल्या माणसाला असल्या चौकटीची काय भीती?

गेम उघडला.

व्हाइटरन नावाचं गाव आहे, तिथे माझं घर. बाजारातली भाजीवाली जांभळी झाली होती. साडी-बिडी नव्हे, झगा आणि हात दोन्ही एकच भडक, सपाट जांभळा. कापडाची आकृती पोचली आणि तिच्यावरचं चित्र पोचलं नाही की या गेममध्ये असा जांभळा रंग येतो. लोहाराच्या भट्टीच्या जागी माणसाएवढं लाल उद्गारचिन्ह उभं होतं. तिथे आकृतीच गायब होती. पहारेकरी दोन्ही हात आडवे पसरून पाय न हलवता जमिनीवरून सरकत होते, कारण चालण्याच्या फायली वाटेत सांडल्या होत्या. एवढे हात पसरायला बदलापूर लोकलमध्ये जागा मिळाली असती तर मी एवढ्या वर्षांत एकदाही तक्रार केली नसती.

मी गावाबाहेर आलो. आभाळातून शिट्टी ऐकू आली. वर बघितलं तर काही नाही. परत शिट्टी, जवळून. थॉमसचा आवाज पोचला होता, थॉमस पोचला नव्हता. मी तलवार काढून हवेत फिरवू लागलो. तेवढ्यात आणखी एक भोंगा झाला. गोल फिरून त्याच्यावर वार केला, तर स्वयंपाकघरातून आवाज आला, "अहो, ती नऊ बावीसची असेल. तुम्ही कोणाशी लढताय?" अदृश्य इंजिनाने मला जाळलं ते मी स्टेशनाकडे कान लावून असताना.

मग भाच्याला फोन केला. तो पुण्यात असतो, कॉम्प्युटरवरच पोट आहे त्याचं. सगळं ऐकून तो काही वेळ गप्प राहिला. मग अगदी शांतपणे, डॉक्टर नातेवाइकांशी बोलतात त्या सुरात म्हणाला, "मामा, डाउनलोड्सचा फोल्डर उडवला नाहीस ना?"

"अजून नाही," मी म्हटलं.

"मग हात लावू नकोस. माउस खाली ठेव."

मॉड ज्या झिप फायलींतून येतात त्या व्हॉर्टेक्स वेगळ्या जागी जपून ठेवतो. माझ्याकडून त्या वाचल्या होत्या, कारण त्या सी ड्राइव्हवर, ॲपडेटात, लपलेल्या फोल्डरमध्ये होत्या आणि लपलेलं बघायचं कसं हे मला ठाऊक नव्हतं. सेव्हही डॉक्युमेंट्समध्ये सुखरूप होते. बाकी सगळं नव्याने करायचं होतं. त्याने दूरवरून स्क्रीन ताब्यात घेतली. मला फक्त लाइट गेली तर सांग म्हणाला.

त्याने ईवरचा माझा सगळा संसार पुसला. स्टीमकडून कोरा गेम ठेवला, त्याची आवृत्ती मागे १.५.९७ वर आणली. व्हॉर्टेक्सचा फोल्डर ईवर नेमला. झिपमधून एकेक मॉड परत बसवला, फायली लावल्या, प्लगिनचा क्रम लावला. क्रम चुकला तर आधीच्याचं काम नंतरचा पुसतो, आणि पूर्ण प्लगिन एकूण २५४ च्या वर बसत नाहीत, हे त्याने मला समजावून सांगितलं. मी हुंकार भरत राहिलो. शेवटी चालण्याच्या फायली बनवणारा प्रोग्रॅम चालवला. पहारेकऱ्यांनी हात खाली घेतले. भाजीवाली गोरी झाली. थॉमस दिसला, हसला, आणि पहिल्याच फुंकरीत मला त्याने परत जाळलं.

तेव्हा बदलापूर पश्चिमेत कोणाला मॉडवाला गेम हलवायचा असेल तर एवढंच करा: व्हॉर्टेक्समध्ये सगळे मॉड आधी काढून घ्या, त्याचा फोल्डर नव्या ड्राइव्हवर न्या, गेम स्टीमकडूनच हलवून घ्या, आणि मग मॉड परत लावा. कॉम्प्युटर इन्व्हर्टरवर घ्या. आणि मदतीला माणूस लागला तर मला बोलवा, मी भाच्याचा नंबर घेऊन येतो.