‘डेटा आणते’: एका मितभाषी टूलकर्त्यास अनावृत पत्र

प्रति,
एआय एजंटसाठी टूल लिहिणारे आमचे प्रोग्रॅमर साहेब यांस,

स. न. वि. वि.

आपण नुकतेच हातावेगळे केलेले टूल पाहण्याचा योग आला. नाव ‘गेट डेटा’. वर्णनाच्या रकान्यात दोनच शब्द: ‘डेटा आणते.’ कोणाचा, कुठून, कशासाठी, असल्या क्षुद्र चौकशांना आपण थारा दिलेला नाही. शेजारीच आपले दुसरे अपत्य नांदते, ‘फेच इन्फो’. त्याचे वर्णन: ‘माहिती आणते.’ या भावंडांत फरक काय, हे आपल्याला ठाऊक आहे, आपल्या टीम लीडना ठाऊक आहे आणि नोकरी सोडून बंगळुरूला गेलेल्या त्या सहकाऱ्याला तर नक्कीच ठाऊक आहे. एजंटला तेवढे ठाऊक नाही. पण कृत्रिम का होईना, बुद्धिमान आहे ना तो? ओळखेल की!

त्याची अडचण एवढीच, की आपला कोड त्याच्यासमोर नसतो. टूलचे नाव, वर्णन आणि पॅरामीटरची यादी, इतकेच त्याच्या हाती पडते. ओपनएआयने जून २०२३ मध्ये फंक्शन कॉलिंग आणले तेव्हाही असेच होते आणि अँथ्रोपिकने नोव्हेंबर २०२४ मध्ये मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल जाहीर केला तेव्हाही व्यवस्था हीच राहिली. कोडच्या आत आपण पेरलेल्या मार्मिक कॉमेंट्स त्या बिचाऱ्याच्या नशिबी नाहीत.

आपली खरी प्रतिभा मात्र परताव्याच्या टूलमध्ये फुलली आहे. ‘रिफंड करते. पॅरामीटर: रक्कम. प्रकार: संख्या.’ वा! रेझरपेसारखे पेमेंट गेटवे रक्कम पैशांत मागतात. पाचशे रुपये परत करायचे तर ५०००० लिहावे लागते. आपला कोड आलेला आकडा जसाच्या तसा पुढे धाडतो. एजंटने ग्राहकाची तक्रार नीट वाचली, ऑर्डर शोधली, चूक आपल्याच कंपनीची आहे हे ताडले आणि रकमेच्या जागी ५०० लिहिले. ग्राहकाच्या खात्यात पाच रुपये जमा झाले. एरर येण्याचा प्रश्नच नव्हता, कारण ५०० ही संख्या आहेच. वर एजंटने अदबीने कळवले की आपले पाचशे रुपये परत केले आहेत. त्यावर ग्राहकाने जे लिहिले ते छापण्याजोगे नाही. आपण मात्र शांतपणे तिकिटावर शेरा मारलात: ‘मॉडेल हॅल्युसिनेट करते.’ ‘रक्कम पैशांत द्यावी, पाचशे रुपयांसाठी ५००००’ एवढी एक ओळ वर्णनात असती, तर मॉडेलला नावे ठेवण्याची संधी हुकली असती, हे आम्ही समजू शकतो.

तारखेचेही तेच. ‘तारीख: स्ट्रिंग.’ ०३/०४/२०२५ म्हणजे पुण्यात ३ एप्रिल आणि न्यूयॉर्कात ४ मार्च. दोन्ही दिवस कॅलेंडरात आहेत, त्यामुळे टूल कुरकुरत नाही. अहवाल तेवढा भलत्याच दिवसाचा निघतो.

काही मंडळी उगाच कष्ट घेतात. अँथ्रोपिकच्या इंजिनिअरांनी एसडब्ल्यूई-बेंच या प्रोग्रॅमिंगच्या चाचणीसाठी एजंट बांधताना मुख्य प्रॉम्प्टपेक्षा टूल घासूनपुसून घेण्यातच जास्त वेळ घालवला, असे त्यांनीच लिहून ठेवले आहे. एजंट मूळ फोल्डरमधून बाहेर पडला की फाइलचा अर्धा पाथ देऊन चुकायचा. त्यांनी दरवेळी संपूर्ण पाथ मागणारे टूल केले आणि चुका थांबल्या. पुढे त्यांचे मॉडेल वेब सर्च करताना कारण नसताना ‘२०२५’ जोडू लागले, तेव्हाही त्यांनी टूलचे वर्णनच सुधारले. मॉडेल घरचे असूनही त्याला दोष दिला नाही. किती हा न्यूनगंड!

मागे कोणीतरी आपल्याला ‘जरा सविस्तर लिहा’ म्हणाले, तेव्हा आपण रागाने टीमच्या विकीचे अख्खे पान वर्णनात चिकटवलेत. त्यात जुन्या रिलीजचा इतिहास होता, मीटिंगची लिंक होती. हे टूल कधी वापरू नये, ते मात्र नव्हते. तो मजकूर प्रत्येक विनंतीबरोबर मॉडेलकडे जातो आणि टोकनचे पैसे कंपनी भरते.

राहता राहिले ‘रिमूव्ह युजर’. हे माणसाला ग्रुपमधून काढते, की त्याचे खातेच कायमचे पुसते? उत्कंठा टिकवण्याची आपली हातोटी रहस्यकथाकारांनी शिकावी. टूल नुसते वाचणारे आहे की नासधूस करू शकणारे, हे सांगायला मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉलमध्ये खास खुणा आहेत. आपण दोन्ही जागा कोऱ्या ठेवल्यात. (त्या खुणा भरल्या तरी त्या निव्वळ सूचना असतात. परवानगी सर्व्हरवरच तपासावी लागते, पण तो आपल्या दुसऱ्या एका कलाकृतीचा विषय आहे.)

तेव्हा विनंती विशेष ही, की पुढचे टूल जोडण्यापूर्वी त्याचे वर्णन अकाउंट्समधल्या बाईंना वाचायला द्या. कोड दाखवू नका, तोंडी काही समजावू नका. हे कधी वापराल, कधी नाही, आत काय भराल, बाहेर काय येईल, एवढेच विचारा. त्यांनी उलट आपल्यालाच काही विचारले, तर त्याचे उत्तर त्यांना देण्याआधी वर्णनात लिहा.

आपली,
ग्राहकसेवा विभागातली,
(उरलेले ४९५ रुपये हाताने पाठवणारी)