पाव किलो चुका

"चुका किती देऊ, काका?"

पंढरपुरातल्या हार्डवेअरवाल्याने हे इतक्या सहज विचारलं, की मी क्षणभर गप्पच झालो. पंढरपूर म्हणजे आमचं छोटं, बजाजनगरला खेटून असलेलं. चुका म्हणजे बारीक खिळे हे मलाही ठाऊक आहे. पण कारखान्यात उमेदीची बत्तीस वर्षं 'चूक होता कामा नये' हेच ऐकलेल्या माणसाला त्या किलोवर मिळतात हे जरा जड गेलं.

१९८५ साली वाळूजला बजाजचा कारखाना आला आणि या माळावर नटबोल्टांचं एक राज्यच उभं राहिलं. मी त्यातल्याच एका कंपनीत जुळणीच्या लाइनवर होतो. तिथे प्रत्येक नटाचा टॉर्क ठरलेला. पाना 'कट्' असा वाजला की पिळणं बंद, वर पिवळ्या रंगाची खूण. विचार करायचं काम इंजिनिअरचं. त्यामुळे निवृत्तीनंतर रो-हाउसच्या पुढच्या चार हात बागेला लाकडी कुंपण घालायचं ठरलं, तेव्हा फळ्या कशाने जोडायच्या हा प्रश्न आयुष्यात पहिल्यांदाच माझ्यापर्यंत पोचला.

फळ्या भंगारवाल्याकडून आणल्या. परदेशी मशिनांच्या खोक्यांचं पाइन. त्यावर गव्हाच्या ओंबीचा शिक्का आणि 'एचटी' अशी अक्षरं. कीड मरावी म्हणून हे लाकूड पार गाभ्यापर्यंत ५६ अंशांना ३० मिनिटं तापवलेलं असतं. म्हणजे आमच्या मे महिन्याची त्याला थोडी सवय म्हणायची.

गावाकडे हा प्रश्नच नव्हता. बोरी-बाभळीच्या फांद्या आडव्या टाकल्या की झालं कुंपण. काटाच खिळा आणि काटाच राखणदार. इथे मात्र दुकानदाराने काउंटरवर नुसता बाजार मांडला. खिळा आडवा भार छान पेलतो, पण वाऱ्याने फळी हलत राहिली की हळूहळू बाहेर सरकतो. स्क्रूला पीळ असतो, तो लाकडाला धरून ठेवतो. जिप्समचे काळे स्क्रू दिसायला ऐटबाज, पण ठिसूळ. आडवा जोर आला की मुंडी तुटते. खांब बाभळीचे होते, आणि बाभळीतल्या टॅनिनची ओल्या लोखंडाशी गाठ पडली की शाईसारखे काळे ओघळ येतात. म्हणून जस्ताचा मुलामा हवाच. फाटकाला मात्र वायसर घालून तीन सुती बोल्ट, त्यात चर्चा नाही.

शेवटी अडीच इंची, जस्ताचे, शंभर स्क्रूंचा डबा घेतला. फळ्या चोवीस, प्रत्येकीला चार, म्हणजे शहाण्णव. उरणार चार. दुकानदाराचा मान म्हणून पाव किलो चुकाही घेतल्या.

मिस्त्रींना हा हिशेब सांगितला तर ते हसले. "काका, लाकूड काय गाडी हे का? त्याच्या मनानं घ्यावं लागतं." मग त्यांनी गिरमिटाने आधी भोक पाडलं, स्क्रूला साबण चोळला आणि तो लोण्यात शिरावा तसा आत घातला. एका कडेच्या पट्टीला खिळा ठोकताना आधी त्याचं टोक दोन टोल्यांनी बोथट केलं. टोकदार खिळा पाचर होऊन लाकूड फाडतो, बोथट खिळा तंतू चेचत जातो. बत्तीस वर्षांत धार कमी करून काम सुधारल्याचं मी कुठे पाहिलं नव्हतं. टॉर्क किती, हे विचारायची मला फार इच्छा होती. मिस्त्री 'चुर्र' असा आवाज आला की थांबत होते. तेवढं मला कळलं.

संध्याकाळी डबा आवरताना स्क्रू मोजले. पाच.

लाइनवर एक नट जास्त उरला तर गाडी पुढे जात नाही. जेवण गोड लागलं नाही. रात्री टॉर्च घेऊन बाहेर पडलो आणि पहिल्या फळीपासून मोजायला लागलो. एकोणिसाव्या फळीला, खालच्या डाव्या कोपऱ्यात, लाकडाला गाठ होती. तिथे स्क्रू नव्हता. फळी तडकू नये म्हणून मिस्त्रींनी दोन बारीक खिळे तिरके मारले होते. हलवून पाहिलं. घट्ट.

खिडकीतून हिचा आवाज आला, "अहो, सापडली का चूक?"

"दोन आहेत," मी म्हणालो.