ईमेल निवड समितीस, सविनय

प्रति,
मा. अध्यक्ष व सदस्य,
ईमेल व कॅलेंडर प्रणाली निवड समिती (अद्याप गठित व्हायची आहे),
कोणतेही विद्यापीठ.

विषय : फुकटात मिळेल ते घेण्याबाबत.

महोदय,

समिती नेमली जाण्याआधीच लिहितो आहे, कारण नेमली गेल्यावर तुम्ही कंपन्यांची सादरीकरणं आणि मधला चहा यांत गढून जाल. आमच्या यवतमाळ जिल्ह्यात विद्यापीठाचं मुख्यालय नाही. कला-वाणिज्यवाले अमरावतीकडे डोळे लावून बसतात, डॉक्टर होणारे नाशिककडे, शेती शिकणारे अकोल्याकडे. त्यामुळे विद्यापीठीय पत्रव्यवहार झेलण्याचा आमचा अनुभव दांडगा आहे.

‘फुकट’ हा तुमचा पहिला निकष असणार, आणि तो रास्तच आहे. गूगल विद्यापीठांना ईमेल फुकट देत होतं, तेही अमर्याद साठवणुकीसह. फेब्रुवारी २०२१ मध्ये त्या अमर्यादाला मर्यादा जाहीर झाली: अख्ख्या संस्थेला मिळून १०० टेराबाइट, अंमल जुलै २०२२ पासून. मायक्रोसॉफ्टनं २०२३ मध्ये तोच आकडा सांगितला. दोन प्रतिस्पर्ध्यांचं इतकं एकमत तर आपल्या व्यवस्थापन परिषदेतही होत नाही. संलग्न महाविद्यालयांसह लाखभर विद्यार्थी धरले तर डोईवर सुमारे एक जीबी येते. पण काळजी कसली? कंपनी पुन्हा आकडा बदलेतोवर दहा वर्षांचं टपाल, प्रबंध, इतिवृत्तं सगळं तिथंच साठलेलं असेल. मग हलतो कोण!

यवतमाळकरांना याचं नवल नाही. मूर्तिजापूरहून येणारी आमची शकुंतला आगगाडी आठवा. वऱ्हाडचा कापूस बंदराकडे न्यायला विलायती कंपनीनं ही लाइन टाकली. स्वातंत्र्यानंतर देशातल्या रेल्वे सरकारी झाल्या, ही राहून गेली. गाडी चालवायची भारतीय रेल्वेनं, रूळ मात्र कंपनीचे. कराराला मुदतवाढ मिळत राहिली आणि मँचेस्टरला घडलेलं वाफेचं इंजिन १९९४ पर्यंत डबे ओढत राहिलं. आता गाडीही बंद आहे. तेव्हा निविदेत रुळांचा विषय काढूच नका. डब्यांचा रंग तेवढा बघा.

स्वदेशीच हवं असेल तर झोहो आहे. केंद्र सरकारच्या एनआयसी या संगणक संस्थेचं ईमेल, म्हणजे सुमारे १२ लाख कर्मचाऱ्यांचं टपाल, तिकडे गेलं. त्यातली एक बारीकशी गोष्ट तुमच्या नजरेतून सुटावी, अशी नम्र विनंती आहे. सेवा देणारा बदलला, पण पत्ते बदलले नाहीत. ‘गव्ह डॉट इन’ची पाटी जागेवर राहिली. आपल्याकडे ही भानगड नसते. महाविद्यालयाचा अधिकृत पत्ता मोठ्या बाबूंच्या खासगी जीमेलवर असतो. बाबू निवृत्त झाले की शाल, श्रीफळ आणि पासवर्ड सोबतच घरी जातो.

कॅलेंडरला तर हातच लावू नका. प्राचार्यांच्या भिंतीवर कालनिर्णय आहे आणि त्यावर लाल पेनाची वर्तुळं आहेत, तेवढं पुरतं. परीक्षेचं वेळापत्रक छापायचं, सही-शिक्का मारायचा, वाकडं स्कॅन करायचं आणि ती पीडीएफ व्हॉट्सअ‍ॅपवर सोडायची, ही आपली सिद्ध पद्धत आहे. “मेल कायले पाहता सर, गुरुपवर टाकलं न!” पेपर पुढे गेला की दुसरी पीडीएफ, मग शुद्धिपत्रकाची तिसरी. उमरखेडचं पोरगं पहिलीच घेऊन केंद्रावर पोचतं. आयकॅलेंडर नावाचा एक खुला साचा आहे. गूगल, मायक्रोसॉफ्ट, झोहो, झिंब्रा, सगळ्यांना तो वाचता येतो. विद्यापीठानं वेळापत्रक त्यात ठेवलं आणि पोरांनी ते एकदा आपापल्या फोनला जोडून घेतलं, की एका जागी बदललेली तारीख पुसदपासून झरी जामणीपर्यंत आपोआप पोचते. मग शुद्धिपत्रकवाल्यांनी करायचं काय, हाही विचार व्हावा. जाता जाता एक सांगतो. बाहेरून आलेल्या तयार कॅलेंडरात तान्हा पोळा शोधून पाहा. त्या दिवशी पेपर ठेवणाऱ्याला विदर्भात काय ऐकावं लागतं, ते इथं लिहिण्याजोगं नाही.

थट्टा पुरे. गूगल घ्या, झोहो घ्या, नाहीतर स्वतःच्या सर्व्हरवर झिंब्रा चालवा. माझी हरकत कशालाच नाही. फक्त पत्ता ‘एसी डॉट इन’चा, विद्यापीठाच्या नावावरचा असू द्या. तो माणसाला नव्हे, पदाला द्या आणि आमच्या जिल्ह्याच्या सोळाही तालुक्यांतल्या महाविद्यालयांच्या कार्यालयांपर्यंत पोचवा. करार संपला की सगळं टपाल आणि कॅलेंडर खुल्या साच्यात, वेगळे पैसे न मोजता परत मिळेल, असं कलम घाला. आणि सही करण्याआधी एखाद्या विभागाचं टपाल आत नेऊन पुन्हा बाहेर काढून दाखवायला सांगा. ज्याला ते जमणार नाही, त्याची निविदा फुकट असली तरी फेटाळा.

आपला,
यवतमाळ जिल्ह्यातील एक संलग्न