उंबरठ्यापासून सुरुवात: नवशिक्यांसाठी दार बसवण्याचा धडा

साहित्य: जुनी एमजीबी रोडस्टर एक, इम्पॅक्ट ड्रायव्हर, पाच मिलिमीटरचं ड्रिल बिट, लाकडाचा ठोकळा आणि तासभर वेळ. ‘तासभर’ हे पाककृतीतल्या ‘चवीपुरतं मीठ’सारखं समजावं.

ऑक्सफर्डजवळच्या ॲबिंग्डनला ही गाडी १९६२ पासून १९८० पर्यंत बनत होती. छपराच्या भावंडांसकट पाच लाखांवर निघाल्या, त्यामुळे सुटे भाग मुबलक. नवं दार मिळतं, मडगार्ड मिळतं, अख्खा नवा सांगाडाही मिळतो. नवं दार जुन्या गाडीला बसेल, असं मात्र कुणी कबूल केलेलं नाही.

पायरी पहिली. दार लावून बघा. मागच्या कडेला खाली बोट जाईल एवढी फट आणि वर पत्र्याला पत्रा घासतोय? आता दार उघडा, टोकाला धरून वर उचला. खटखट वाजलं तर बिजागरीची पिन झिजली आहे. बिजागरी बदला आणि घरी जा. दार मख्ख राहिलं तर पुढे वाचा.

पायरी दुसरी. दार विसरा, खाली वाका. आधीच्या एमजीएला वेगळी चासी होती. एमजीबीत ती गेली आणि पत्र्याच्या सांगाड्यानेच भार उचलायचा असं ठरलं. रोडस्टरला छप्पर नाही. म्हणजे पुढची आणि मागची गाडी एकमेकींना धरून ठेवायचं बरंचसं काम दाराखालच्या उंबरठ्याकडे. हा उंबरठा पत्र्याच्या थरांचा, आतून पोकळ. इंग्लंडच्या हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात. ते पाण्याबरोबर आत शिरतं आणि काम सुरू करतं. बाहेर रंग चकचकीत, आत भुगा. मग गाडी मध्यावर दबते आणि दाराच्या चौकटीचं तोंड वरून मिटू लागतं. नाचता येईना म्हणून अंगणाला नावं ठेवणारे आपण पुष्कळ पाहिले; इथे अंगण खरोखरच वाकडं असतं आणि बिचाऱ्या दाराला वर्षानुवर्षं रंधा खावा लागतो.

पायरी तिसरी. उंबरठा कापून नवा वेल्ड करा. (हो, एका ओळीत. वेल्डिंग येत नसेल तर दोन हिवाळे धरा.) कापण्याआधी चौकटीत लोखंडी आडवी पट्टी वेल्ड करून तिचं माप बांधून टाका आणि गाडीचं वजन चाकांच्या जागी, ॲक्सलवर राहू द्या. मध्येच जॅक लावून उचलली, तर चौकट फाकते आणि त्याच अवस्थेत उंबरठा पक्का होतो. तुमच्या आधीच्या मालकाने बहुधा हेच केलं होतं. दर दोन टाक्यांनी दार लावून बघायचं. कंटाळा येतो, पण तो कंटाळा वेल्ड झालेला पत्रा पुन्हा कापण्यापेक्षा स्वस्त.

पायरी चौथी. मागचं मडगार्ड वेल्ड केलेलं, पुढचं बोल्टवर. म्हणून मागची फट आधी जुळवा, पुढचं मडगार्ड नंतर दाराकडे सरकवा. उत्साहाच्या भरात नवशिके हे उलटं करतात. खांबावरची कुलपाची खुंटी काढून ठेवा, नाहीतर ती दाराला ओढून खोटं बोलायला लावते. बिजागरीचे स्टार स्क्रू साध्या पेचकसाने सुटत नाहीत. त्यांची डोकी गुळगुळीत होतात आणि मग तुमचं ठिकाणावर राहत नाही. ड्रिल बिट फटीतून वरपासून खालपर्यंत न अडखळता फिरलं की थांबा. रंगाचीही जाडी असते.

पायरी पाचवी. दाराचा खालचा कोपरा आत, वरचा बाहेर? खाली लाकडाचा ठोकळा अडकवून वरून दाबा. हो, हाताने, अंगाचा भार टाकून. दार पिळलं जातं आणि पीळ राहतो. पुस्तकात हे वाचताना अंगावर काटा येतो, करताना फार बरं वाटतं.

पायरी सहावी. रबर लावा. दार पुन्हा बाहेर येईल. खुंटी सैल करून आत सरकवा आणि रबराला दबायला आठवडाभर द्या.

पायरी सातवी. आता आत बसा, दार लावा आणि बाहेर घरातलं माणूस उभं करून वरची फट बघायला सांगा. तुम्ही बसताच फट मिटली असं ते म्हणालं, तर उंबरठा पुन्हा कापायचा की रात्रीचं जेवण कमी करायचं, हे त्यालाच विचारा.