साठ वॅटची आई

जत्रेत, आठवडी बाजारात किंवा शाळा सुटण्याच्या वेळेला फाटकाबाहेर एखादा माणूस पाटी घेऊन बसतो. पाटीत गुलाबी, हिरवी, जांभळी पिल्लं चिवचिवत असतात. मूल हट्ट धरतं, बाप विरघळतो आणि भेळीच्या पैशात दोन जीव घरी येतात. रंग पिसांचा नसतो, लवेवर चढवलेला असतो. खरी पिसं फुटू लागली की तो ओसरतो. त्या पाटीतली बहुतेक पिल्लं नर असतात, हे मात्र विकणारा सांगत नाही. अंड्यांसाठी पाळलेल्या जातींच्या उबवणी केंद्रात नराला कुणी विचारत नाही. तो अंडं घालणार नाही आणि ब्रॉयलरसारखं अंगही धरणार नाही. नर-मादी एका दिवसाच्या वयात ओळखण्याची विद्या जपानी संशोधकांनी गेल्या शतकात बसवली. त्यात तरबेज झालेली माणसं पिल्लाची शेपटीखालची बाजू क्षणभर पाहतात आणि तासाला शेकडो पिल्लांचं भवितव्य ठरवून टाकतात.

घरी आल्यावर पहिली धांदल खायला घालण्याची. आजी कणी आणते, मूल बिस्किटाचा चुरा आणतं, आणि पिल्लं कशालाच तोंड लावत नाहीत. मग सगळे हवालदिल. वास्तविक घाई कुणालाच नसते. अंड्यातून बाहेर पडण्याआधी पिल्लू उरलेला पिवळा बलक पोटात ओढून घेतं आणि त्या शिदोरीवर दोन-तीन दिवस काढू शकतं. म्हणूनच एक दिवसाची पिल्लं खोक्यात घालून गावोगाव पाठवता येतात. पाणी मात्र लवकर हवं. ते उथळ ताटलीत आणि तेही खडे टाकून द्यायचं, कारण पिल्लू पाणी प्यायला जातं आणि आंघोळीला उतरतं. पहिल्या पाण्यात गूळ घालण्याची रीत आहे. घरच्यांनी एखाद्याची चोच हलकेच पाण्यात बुडवली की बाकीची त्याचं पाहून शिकतात.

खरी परीक्षा उबेची. पहिल्या आठवड्यात खोक्यात साधारण 35 अंश सेल्सिअस लागतात, पुढे दर आठवड्याला तीनेक अंश उतरवायचे. घरातला तापाचा थर्मामीटर इथे कामाचा नाही. तो 35च्या खाली पाहतच नाही आणि पाऱ्याचा असेल तर एकदा चढला की झटकल्याशिवाय उतरत नाही. मग कुटुंबप्रमुख साठ वॅटचा पिवळा बल्ब आणायला निघतो आणि पेठेतली निम्मी दुकानं पालथी घालतो. "एलईडी घ्या की, वीज वाचेल," दुकानदार कळकळीने सांगतो. एलईडी उजेड देतो, ऊब जवळजवळ नाही. जुना तारेचा बल्ब बहुतेक वीज उष्णतेत घालवतो. ज्या दोषापायी तो घराघरांतून हद्दपार झाला, तोच इथे गुण. आपल्याला वीज वाचवायची नसून वाया घालवायची आहे, हे दुकानदाराला पटवताना गृहस्थाची चांगलीच दमछाक होते.

बल्ब लागला की मोजमाप पिल्लांवर सोपवावं. बल्बखाली एकमेकांच्या अंगावर चढून गोळा झाली तर थंडी वाजतेय. खोक्याच्या कडेला जाऊन चोची उघडून धापा टाकताहेत, तर बल्ब वर घ्यायचा. खोकाभर पांगून खाताहेत, लोळताहेत, तर सगळं ठीक. इजिप्तमधले उबवणीवाले मातीच्या भट्ट्यांत हजारो अंडी उबवत आणि अंडं पापणीला लावून उष्णता ओळखत. त्यांना थर्मामीटर लागला नाही, तसा दुकानदाराशी वादही घालावा लागला नाही.

खोक्याच्या तळाशी सुबुद्ध माणूस वर्तमानपत्र घालतो आणि फसतो. गुळगुळीत कागदावर पिल्लांचे पाय फाकतात. संपादकीयावर भलेभले घसरतात, तिथे पिल्लाची काय कथा. भाताचं तूस घालावं.

दुपारी घरात किंकाळी उठते, "गेलं! पिल्लू गेलं!" तुसावर मान टाकून, पाय ताणून, पंख पसरून ते निपचित पडलेलं. मूल रडू लागतं, आजी देवाकडे पाहते, बाप खड्डा कुठे खणायचा याचा विचार करतो. हे बोलणं ऐकून पिल्लू उठतं आणि कणी टिपायला जातं. कोवळी पिल्लं अशीच झोपतात, गाढ आणि बेशिस्त. पण ही घटका रोज येते आणि रोज घर तितकंच घाबरतं.

पिल्लाची शी मागच्या बाजूला चिकटून सुकली तर वाटच बंद होते, तेव्हा कोमट पाण्यात कापूस बुडवून ती सोडवावी लागते. पिल्लू कुणाचं, यावर सकाळी भांडणारी भावंडं या कामापुरती उदारपणे एकमेकांचा हक्क मान्य करतात. पहिल्या आठवड्यात लसोटा लशीचा थेंबही डोळ्यात घालायचा असतो, कारण राणीखेत, म्हणजे आपली मानमोडी, एकदा खुराड्यात शिरली की सगळं खुराडं रिकामं करते.

इतकं करून पिल्लं आई मानतात ती ज्याच्या मागे धावायला मिळेल त्याला. इंग्लंडच्या डग्लस स्पाल्डिंगने 1873 साली लिहून ठेवलं आहे, की कोंबडी पाहिलेली नसलेली पिल्लं डोळ्यांवरची टोपी काढताच त्याच्या मागे चालू लागली. घरात ही पदवी बहुधा आजीला मिळते, कारण स्वयंपाकघरात तिची चप्पल सतत फिरते.

या सगळ्याला गावाकडे एक खुडूक कोंबडी पुरते. ती एकवीस दिवस अंड्यांवर बसते, पिल्लं निघाली की त्यांना पंखांखाली घेते, दाणा दिसला की हाक मारते, घार दिसली की वेगळी हाक मारते, आणि बोट पुढे केलंत तर चोचीने रक्त काढते. तिला बल्ब, थर्मामीटर, तूस आणि चार माणसं लागत नाहीत. भारनियमनही तिला लागू नाही.

दीड-दोन महिन्यांत तुरा लाल होतो आणि पाटीतल्या नराचं बिंग फुटतं. पुढे महिन्या-दोन महिन्यांत एके पहाटे, अंधार असतानाच, बाल्कनीतून पहिली फाटकी बांग निघते. बाप पोतं टाकून खुराडं झाकतो, बांग पोत्यातूनही येते. दहा वाजता सोसायटीचे सेक्रेटरी दार वाजवतात. मुलाने आधीच ठरवलेलं असतं, दार उघडून ते सांगतं, "काका, तो आजोळी जायचाय, पण बसमध्ये घेत नाहीत."