साधा, स्वस्त आणि नियमानुसार

ज्याला महागातलं नेमकं काय हवं ते ठाऊक असतं, तो दहा मिनिटांत दुकानाबाहेर पडतो. 'आपल्याला काय, साधासा चालेल' म्हणणारा मात्र दिवसभर हलत नाही. आमचे अण्णा या दुसऱ्या जातीचे. साताऱ्याच्या जिल्हा परिषदेत, लेखा विभागात हयात गेलेली. तिथला अनुभव असा, की लाखाचं बिल सह्या घेत घेत सुरळीत पार पडतं. अडतं ते टाचण्यांच्या डबीचं. अण्णांचा मोबाइल स्वस्तातला घ्यायचा ठरला, तेव्हाच चौकशी लांबणार हेही ठरलं.

मोबाइलला त्यांचा विरोध तसा तात्त्विक होता. १९९५ साली ही सेवा देशात सुरू झाली तेव्हा मिनिटाला सोळा रुपयांपर्यंत दर होता, आणि ज्याला फोन येई त्यालाही पैसे पडत. "बोलणार दुसरा आणि देयक माझ्या नावावर? हा खर्च कुठल्या लेखाशीर्षात टाकायचा?" अण्णा विचारत. मे २००३ पासून येणारा फोन फुकट झाला. अण्णांनी ती बातमी कापून फायलीत लावली आणि दोन-अडीच वर्षं मुरू दिली. शेवटी २००५ सरता सरता, पुण्याचा मुलगा सांगून सांगून थकल्यावर, त्यांनी पोवई नाक्यावरच्या तीन दुकानांतून तीन दरपत्रकं मागवली. लेखी. शिक्क्यासह.

मग फूलस्केप कागदावर तुलनात्मक तक्ता आखला गेला. शेवटचा रकाना अर्थातच शेऱ्याचा. रिलायन्सच्या फोनमध्ये सिम नसतंच, नंबर फोनलाच बांधलेला असतो असं कळलं; शेरा पडला : 'कर्मचाऱ्याची बदली करता येत नाही. नामंजूर.' रंगीत पडद्याचा फोन आला. "फोन कानाला लावायचा. कानाला रंग दिसतात का?" नामंजूर. उरला नोकियाचा अकराशे. पण अकराशे हे मॉडेलचं नाव आहे, किंमत नव्हे, हे कळल्यावर अण्णा दुकानातल्या स्टुलावरून ताडकन उठले.

"नावात अकराशे आणि बिलात जास्त? ही सरळसरळ दिशाभूल आहे."

काउंटरवरच्या पोरानं त्यांना पाणी दिलं. कळा एका अखंड रबरी पट्टीच्या आहेत, धूळ आत जात नाही, हे दाखवलं. अण्णा जरा निवळले. एकेक यादी उघडून बघत खेळांपाशी आले नि थबकले.

"हे काय?"

"सापाचा गेम आहे, काका."

"मला नकोय. साप काढून कितीला पडेल?"

पोरानं मालकांना हाक मारली. साप कंपनीतूनच भरून येतो, दुकानाच्या हातात काही नसतं, असं मालकांनी हात जोडून सांगितलं. ते लिहून द्याल का, असं अण्णांनी विचारलं.

खरेदी तिथंच फिसकटायची, पण तेवढ्यात लाइट गेले. ते दिवस भारनियमनाचे. बाहेर जनरेटरची घरघर सुरू झाली. पोरगं हुशार. त्यानं फोनची 'सी'ची कळ दाबून धरली आणि फोनच्या डोक्यातून उजेडाचा झोत पडला, तो नेमका तुलनात्मक तक्त्यावर. त्या उजेडात अण्णांनी नवी आकडेमोड मांडली. विजेरी व तिचे सेल, गजराचं घड्याळ, गणकयंत्र, सगळ्यांच्या किमती फोनच्या किमतीतून वजा केल्या. फोन जवळपास फुकट पडत होता. सेल आणखी एक वर्षाचे धरले असते, तर कंपनीच अण्णांचं देणं लागली असती.

राहता राहिलं सिमकार्ड. रिचार्जची मुदत संपली की उरलेले पैसे अडकतात, हे ऐकून अण्णांच्या डोळ्यांपुढं अख्खी नोकरी तरळून गेली. "म्हणजे अनुदान व्यपगत! आमच्याकडे वर्षातून एकदा मार्चअखेर यायची रे. तुमच्याकडे दर महिन्याला?" त्यावर पोरानं नवी कोरी आजीवन योजना पुढं केली : एकदाच ९९९ रुपये.

"आजीवन म्हणजे कुणाचं जीवन? माझं की कंपनीचं?"

पोरगं हसलं. हसण्यासारखं त्यात काही नव्हतं. पुढं खुद्द दूरसंचार नियामक प्राधिकरणालाच यात लक्ष घालावं लागलं, आणि आजीवन म्हणजे कंपनीच्या परवान्याची मुदत असेतो, हे ग्राहकांना कळलं. प्राधिकरणाला अण्णांचं पत्र गेलं होतं की काय, हे विचारायचा धीर मला झाला नाही. रेशनकार्डाच्या झेरॉक्सवर 'फक्त मोबाइल जोडणीकरिता' असं तिरकं लिहून, त्यावर आडवी सही ठोकून त्यांनी साधंच कार्ड घेतलं.

आता फोन आला, तर तो वापरतील? अण्णा फोन करायचा झाला की अजून नाक्यावरच्या पिवळ्या बूथवरच जात. खिशातला मोबाइल येणाऱ्या फोनसाठी आणि अंधारासाठी. त्यातून जाणारं काही असलंच तर मिस्ड कॉल, कारण त्याला खर्च शून्य. त्याचेही नियम केले आणि घरच्या फोनच्या वर, भिंतीला चिकटवले : एक रिंग, निघालो. दोन रिंगा, चहा टाका. तीन रिंगा, पिशवी विसरलो.

एकदा मी त्यांच्याकडे बसलो असताना फोन वाजला. काकूंनी बोटांवर रिंगा मोजल्या. तीन झाल्या. चौथी झाली. पाचवी झाली. काकूंनी भिंतीकडे पाहिलं. कागद तिनावरच संपत होता.

"उचला की," मी म्हणालो.

"छे!" काकू दचकून म्हणाल्या, "उचलला तर त्यांना पैसे पडतील."