नहपानाचं नाक

आमच्या घरात चपलांच्या कपाटावर एक चिनी मातीची बरणी आहे. तिचा कान तुटला तेव्हा ती लोणच्यातून निवृत्त झाली आणि सुट्ट्या पैशांच्या सेवेत रुजू झाली. रोज संध्याकाळी मी तिच्यात खिसा रिकामा करतो आणि रोज सकाळी बायको तिच्यातून मूठभर नाणी उचलते. उचलते म्हणजे निवडून उचलते, तांदूळ निवडावेत तशी. त्यामुळे गेल्या दहा-बारा वर्षांत बरणीच्या तळाशी जे साचलंय, ते नाशिक शहरानं एकमुखानं नाकारलेलं चलन आहे.

मागच्या पावसाळ्यात एका बुधवारी गंगेला पाणी आलं. (गोदावरी हे नाव पाहुण्यांसाठी आणि सरकारी कागदांसाठी. नाशिककरांची ती गंगाच.) घाटावरचा बुधवारचा बाजार भरला नाही, पिशवी घेऊन गेलो तसा परत आलो आणि काही तरी उद्योग हवा म्हणून बरणी वर्तमानपत्रावर उपडी केली. देवघरातली पोथी वाचायचं भिंग आणलं आणि एकेक नाणं तपासायला बसलो.

पहिलं निघालं ते पापडासारखं चपटं. अंक नाही, सिंह नाहीत, साल नाही. हे मी ओळखलं. नाशिकरोडला आम्ही लहानपणी रुळावर पैसे ठेवून गाडीची वाट बघत असू. रुळावरून गाडी गेली की नाण्याचं लोहचुंबक होतं, हे आमच्या पिढीचं पदार्थविज्ञान. एकाही नाण्याचं कधी झालं नाही, पण ते गाडी पॅसेंजर असल्यामुळे, मेलखाली ठेवलं असतं तर झालं असतं, असं प्रत्येकाला मनापासून वाटे. पुढे १९९२ पासून टांकसाळीनं रुपया स्टेनलेस स्टीलचा केला आणि तो आपणहून चुंबकाला चिकटू लागला. आता रामकुंडावर पोरं दोरीला चुंबक बांधून पाण्यात सोडतात आणि भाविकांची स्टीलची श्रद्धा वर ओढून घेतात. जुना तांबं-निकेलचा रुपया मात्र त्या चुंबकाला दाद देत नाही. गंगेच्या वाट्याला उरतो तो तेवढाच.

मग एक नाणं हळदीकुंकवानं माखलेलं. एकाला ताईत करण्यासाठी भोक पाडलेलं. एकावर पेननं लिहिलेलं ‘राम’. मग एक रुपया आणि दोन रुपये यांचा असा ढीग, की भिंग लावूनही कोण कोण ते कळेना. यात माझ्या डोळ्यांचा दोष नाही. तो स्टीलचा रुपया २५ मिलिमीटर आणि ४.८५ ग्रॅम. २०११ साली दोन रुपयांचं नवं नाणं आलं, तेही २५ मिलिमीटर आणि ४.८५ ग्रॅम. थोरल्याचे कपडे धाकट्याला घालणं घराघरांत चालतं. इथे थोरल्यालाच धाकट्याचा सदरा चढवला. मधल्या काळात, २००७ साली, रुपयावर एक अंगठा आणि दोन रुपयांवर दोन बोटं आली होती. बालवाडीतल्यासारखं बोटं मोजून पैसे द्यायची ती सोय मला तरी पटली होती.

त्यानंतर हाती लागलं ते दहाच्या नाण्याचं नुसतं कडं. मधला पांढरा ठिपका गळून गेलेला, बाहेरची पिवळी चकती शाबूत. हे माझ्या खिशात कुणी आणि कधी सरकवलं असेल याचा विचार करत मी ते बायकोला दाखवलं. तिनं करंगळीत घालून पाहिलं.

“अहो, लग्नानंतर तुम्ही आणलेली ही पहिलीच अंगठी,” ती म्हणाली आणि काढून परत ठेवली.

सगळ्यात खाली होती दहाची बारा नाणी. धडधाकट, चकचकीत, खणखणीत. त्यांच्यात काहीही वावगं नव्हतं आणि तीच कोणी घेत नव्हतं. आमच्या कोपऱ्यावरच्या दुकानदाराला मी रिझर्व्ह बँकेचं म्हणणं ऐकवलं होतं, की दहाची चौदा निरनिराळ्या नक्षीची नाणी आहेत, सगळी चालतात, तसं जानेवारी २०१८ मध्ये जाहीर केलंय, १४४४० वर फोन केला तर बँक स्वतः सांगते. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं. “साहेब, खोटं आहे असं मी कुठं म्हणतो? खरंच आहे. पण पुढे चालत नाही.”

पुढे चालत नाही! अर्थशास्त्राच्या जाड पुस्तकांत पैशाची व्याख्या पानभर असते, ती यानं तीन शब्दांत गुंडाळून चहाच्या पुड्यांशेजारी ठेवली. पन्नास पैशांचंही तसंच. ते कायद्यानं आजही चालतं. २०११ च्या नाणे कायद्याप्रमाणे दहा रुपयांपर्यंतची रक्कम अर्ध्या रुपयाच्या नाण्यांत देता येते. म्हणजे दहाच्या कोथिंबिरीला मी वीस अधेल्या मोजून देऊ शकतो. कायदा माझ्या बाजूनं उभा राहील. कोथिंबीरवाली राहणार नाही.

एवढ्यात भाचा आला आणि वैष्णोदेवीचं नाणं आहे का विचारू लागला. ऑनलाइन लाखो मिळतात म्हणे. ते नाणं २०१२ साली निघालंय आणि भरपूर निघालंय, शिवाय जुन्या नाण्यांच्या नावाखाली आमचं नाव सांगून फसवतात असं रिझर्व्ह बँकेनंच २०२१ मध्ये बजावलंय, हे मी सांगितलं. त्याला ते ‘पुढे चालण्यासारखं’ वाटलं नाही.

पण त्याच्या निमित्तानं मला जोगलटेंभी आठवली.

त्र्यंबकरोडवर अंजनेरीला १९८० पासून नाण्यांचा अभ्यास करणारी संस्था आणि तिचं संग्रहालय आहे. बाकीचे लोक अंजनेरीला मारुतीसाठी जातात. मी एकदा नाण्यांसाठी गेलो होतो. तेव्हापासून जोगलटेंभी डोक्यात बसली आहे. दारणा गोदावरीला मिळते तिथलं, सिन्नर तालुक्यातलं हे गाव. १९०६ साली तिथे चांदीच्या नाण्यांचा ठेवा सापडला. नाणी सव्वातेरा हजारांच्या आसपास, एकेक जेमतेम दोन ग्रॅमचं, सगळी क्षत्रप नहपानाची. नाण्यावर त्याचा चेहरा. कुठे तरुण, कुठे म्हातारा, कुठे गाल बसलेले. आधार कार्डावरचे फोटो त्या मानानं एकसारखे येतात. आणि त्यांतल्या नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीनं आपला ठसा मारलेला! एका बाजूला तीन कमानींचा डोंगर आणि स्वतःचं नाव, दुसऱ्या बाजूला उज्जयिनीचं चिन्ह. ठसा जिथे पडेल तिथे. कुणाच्या गालातून डोंगर उगवलाय, कुणाच्या कानात गेलाय, कुणाचं नाकच नाहीसं झालंय.

नहपानाला हरवल्यावर ही चांदी वितळवून नवी नाणी पाडता आली असती. पण भट्ट्या पेटवा, कोळसा आणा, वजनं करा, तूट आली की सोनाराशी भांडा. त्यापेक्षा आहे त्या नाकावर हातोडा घाला, लगेच पुढे चालू. मला हा राजा फार आपला वाटतो. उरलेली चारेक हजार मात्र कोरीच राहिली. जेवणाची सुट्टी झाली असावी.

त्यात गंमत अशी, की हे दोघे आजही एकाच डोंगरात शेजार करून आहेत. पांडवलेण्यात दहाव्या लेण्यात नहपानाच्या जावयाचा, उषवदाताचा लेख आहे. त्यानं विणकरांच्या श्रेणीकडे दोन हजार कार्षापण दरमहा शेकडा एक या व्याजानं कायमचे ठेवले. पक्की मुदतठेव. आणि तिसऱ्या लेण्यात गौतमीपुत्राच्या आईनं कोरून घेतलंय, की माझ्या मुलानं त्या क्षहरातांचा, म्हणजे नहपानाच्या घराण्याचा, वंशच संपवला. मुलाची मार्कशीट सोसायटीच्या फलकावर लावणाऱ्या आया आमच्या शहरात किती जुन्या आहेत, ते यावरून कळावं.

आजच्या कायद्यात विद्रूप केलेलं नाणं चलन राहत नाही आणि नाणी मोडणाऱ्या-वितळवणाऱ्याला सात वर्षांपर्यंत कैद आहे. सुदैवानं गौतमीपुत्र स्वतःच सरकार होता. माझ्याजवळ तेवढीच गोष्ट नव्हती.

पुढच्या बुधवारी पूर ओसरला. मी दहाची बारा नाणी आणि ते कडं खिशात घालून घाटावर गेलो. चिखल अजून ओला होता. नेहमीच्या मावशींनी एकेक नाणं तराजूच्या लोखंडावर आपटून वाजवलं आणि कनवटीला लावलं.

“मावशी, हे तुमच्याकडे चालतात?”

“न चालायला काय झालं? मी चहावाल्याला देते, तो मिरचीवालीला देतो, ती मला देते. बाजारातल्या बाजारात फिरतात. बाहेर न्यायचेत कुणाला?”

मग मी भीत भीत कडं पुढे केलं. त्यांनी ते डोळ्याला लावून त्यातून माझ्याकडे पाहिलं.

“हे पैसे म्हणून नाही घेणार, भाऊ. पण राहू द्या. माझं एक पारडं कधीचं वर उचलतंय, पासंगाला खडे बांधून कंटाळले.”

सुतळी भोकातून आरपार गेली. कडं जागेवर बसलं, दांडी आडवी झाली, आणि सव्वातेरा हजारांत नसलेलं एक नाणं माझ्या डोळ्यांदेखत पुन्हा चलनात आलं. या आनंदात मी पाव किलो गवार मागितली. काटा नेमका मध्ये थांबला. घरी येता येता पुलावर लक्षात आलं, की कडं गवारीच्या बाजूला बांधलं होतं.